काम मिळाले, खोली मिळाली नाही : ‘जेव्हा मी जात चोरली होती’चे एक वाचन

बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथा मराठी दलित कथेचा आरंभबिंदू म्हणून वर्गावर्गांतून शिकवली जाते, तिच्यावर प्रबंध लिहिले जातात. विद्रोह, अस्मिता, आत्मभान या शब्दांभोवती या कथेचे विवेचन साधारणपणे फिरते. हे शब्द चुकीचे नाहीत, पण त्यांच्या गर्दीत कथेतली एक अगदी साधी, व्यवहाराची गोष्ट नजरेआड होते. या कथेतला निवेदक नोकरीसाठी जात चोरत नाही. नोकरी त्याला आधीच मिळालेली आहे. रेल्वेत कामावर रुजू व्हायला तो सुरतेजवळच्या उधन्याला येतो, साहेबापासून सोबत्यांपर्यंत सगळ्यांशी मोकळेपणाने बोलतो, नव्या स्वतंत्र देशाच्या स्वप्नांनी त्याचे डोके भरलेले आहे. जात चोरण्याची वेळ येते ती राहण्याच्या जागेचा विषय निघाल्यावर. रणछोड हा सहकारी त्याला कोण, कुठला हे विचारतो आणि निवेदक सरळ उत्तर न देता मुंबईकरपणाच्या, देशप्रेमाच्या मोठ्या शब्दांआड जातो. रणछोड वरमतो आणि आपल्याला हवे ते उत्तर स्वतःच गृहीत धरतो. पुढे जे काही घडते ते सगळे या एका न दिलेल्या उत्तरातून घडते.

म्हणून ही कथा मी घराची कथा म्हणून वाचू इच्छितो. आणखी नेमके सांगायचे तर, कारखानदारीच्या पहिल्या पिढ्यांतील कामगाराला काम कोण देतो आणि छप्पर कोण देतो, या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीची कथा म्हणून. बागूलांना ही फट ऐकीव नव्हती. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेले बागूल लहानपणीच मुंबईत माटुंगा लेबर कॅम्पात आले. पुढे सुरतेकडे रेल्वेत नोकरी करताना घरासाठी जात लपवावी लागली आणि ती नोकरी त्यांनी सोडली, हे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे.

ही फट किती रुंद असू शकते, हे समजायला थोडे दूर जावे लागेल. अमेरिकेत बाल्टिमोर शहराजवळ स्पॅरोज पॉइंट नावाचे गाव होते. पेनसिल्व्हेनिया स्टील कंपनीने १८८७ मध्ये तिथे जमीन घेतली, भट्ट्या उभारल्या आणि भट्ट्यांच्या जोडीने कामगारांचे गाव वसवले. रस्त्यांना नावे न देता इंग्रजी मुळाक्षरे दिली. बी आणि सी रस्त्यांवर व्यवस्थापकांची घरे, ई आणि एफकडे मुकादम व कुशल गोरे कामगार, आणि खाडीच्या पलीकडे आय, जे अशा अक्षरांवर काळे कामगार. कोणाचे पत्र कुठल्या अक्षराच्या रस्त्यावर येते एवढ्यावरून त्याचा रंग आणि भट्टीतली त्याची जागा दोन्ही कळत. काळ्या कामगाराला काम मिळे, भट्टीच्या तोंडाशी सर्वांत तापलेले काम तर हमखास मिळे. पण त्याने कोणत्या ओळीत निजायचे हे कंपनीच्या नकाशावर आखलेले होते.

या पोलादी दुनियेतून एक कादंबरी आली. विल्यम अ‍ॅटवेची ‘ब्लड ऑन द फोर्ज’ १९४१ साली प्रसिद्ध झाली. केंटकीतल्या शेतमजुरीतून निघालेले मॉस आडनावाचे तीन काळे भाऊ, १९१९ च्या सुमाराला, बंद मालडब्यात कोंबून पिट्सबर्गकडच्या पोलाद गावात आणले जातात. तिथे त्यांना लांबलचक बराकीत जागा मिळते. पाळीवरून एक उठतो तेव्हा दुसरा येऊन झोपतो. कादंबरीत यंत्र आहे, आग आहे, संप आहे, पण घराविषयी चौकशी करणारे कोणी नाही. तशी गरजच नाही. माणूस मालडब्यातून खाली उतरतो तेव्हाच त्याची जागा ठरलेली असते.

आता उधन्याला परत या. रेल्वेच्या दफ्तरात निवेदकाविरुद्ध एक अक्षर नाही. सरकारी नोकरीत संविधानाने भेदभावाला मनाई केली आहे. राहण्याच्या जागेबाबतही १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने कोणत्याही वस्तीत घर घेण्याला वा राहण्याला अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला. तरीही निवेदकाला खोली मिळत नाही, मिळते ती जात चोरून. कारण ही आडकाठी कोणी लिहून ठेवत नाही. ती एका प्रश्नात असते, आणि प्रश्न विचारणे हा काही गुन्हा नव्हे.

माझ्या मते कथेच्या रूपाचे रहस्य इथे आहे. अ‍ॅटवेच्या भावांना आपला रंग चोरता येत नाही, म्हणून त्यांची कथा एका दिशेने, भट्टीच्या उतारावरून घसरत जावी तशी जाते. (रंग चोरणाऱ्यांच्याही कथा अमेरिकेत आहेत, नेला लार्सनची ‘पासिंग’ ही १९२९ ची कादंबरी त्यांतली प्रसिद्ध. पण ते गोऱ्या दिसणाऱ्या थोड्या लोकांचे जग आहे.) जात मात्र चेहऱ्यावर दिसत नाही, ती विचारून काढावी लागते. विचारणे आणि उत्तर मिळणे यांत वेळ जातो, आणि या वेळावर बागूल अख्खी कथा उभी करतात. उत्तर लांबणीवर पडलेले आहे, ते कधीतरी बाहेर येणार हे वाचकाला ठाऊक आहे. त्यामुळे रामचरण तिवारी कवी म्हणून निवेदकाला मान देतो, त्याला घरी बोलावतो, ही एरवी आनंदाची ठरावी अशी दृश्येदेखील घशात अडकतात. भयकथेत जे काम अंधार करतो, ते इथे आदरातिथ्य करते.

हा प्रश्न मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्याकडे तो ‘कुणापैकी?’ या एका शब्दात विचारला जातो. विष्णुपुरीच्या परिसरात विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या आधाराने भाड्याच्या खोल्यांची मोठी बाजारपेठ वाढली आहे. लातुरात शिकवण्यांमुळे ती त्याहून मोठी आहे. घरमालक भाडे किती, अनामत किती, हे सांगण्याच्या ओघात आडनाव विचारतो. गायकवाड, जाधव, पवार ही आडनावे अनेक जातींत आहेत, तेव्हा आडनावावर भागत नाही. मग गाव कोणते, पाहुणे कुठले, मामाचे आडनाव काय, अशी चौकशी प्रेमाने पुढे सरकते. नकार देणारा नकाराचा उच्चार कधी करत नाही. खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली असते, किंवा गावाकडून पुतण्या येणार असतो. याचा कागद कुठे सापडणार?

मुंबईच्या गिरणगावाबद्दल हाच पेच मोठ्या प्रमाणावर आहे. १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली, पुढच्या अर्धशतकात लाखो माणसे घाटावरून आणि कोकणातून आली. पण कामगारांसाठी घरे बांधणारे गिरणीमालक फार थोडे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला. १९२० नंतर विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभारल्या. एकूण २०७ इमारती, एकट्या वरळीत १२१, आणि एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढे करूनही १९३१ च्या जनगणनेत शहरातील जवळपास ७४ टक्के लोक एका खोलीच्या घरात राहत होते. उरलेली सोय खासगी चाळमालक, भाडेवसुली करणारे भय्ये, मुकादम आणि गावकीच्या खोल्या करत. एका गावाच्या पुरुषांनी मिळून एक खोली घ्यायची, कामाच्या पाळीप्रमाणे झोपायचे, खानावळीत जेवायचे. ही व्यवस्था कामगारांनीच उभी केली, अनेकांना शहरात तगवून धरले, तिचे कौतुक व्हायलाच हवे. पण गावकी म्हणजे गावकुसाच्या आतली माणसे. गावकुसाबाहेरच्या माणसाला गावकीच्या खोलीत वळकटी टाकता येत नसे, हे वेगळे लिहून ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही.

गिरणीच्या आत मात्र भेद लपवलेला नव्हता. विणकाम खात्यात कांडीवरचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा आपल्या तोंडाला कसा लावायचा, म्हणून सवर्ण विणकरांनी त्यांना त्या खात्यात येऊ दिले नाही. विणकामात पगार चांगला होता. १९२८ च्या मोठ्या संपात हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांनी मागण्यांत घ्यावा, असा आग्रह डॉ. आंबेडकरांनी धरला होता. आणखी एक गोष्ट उघड लिहिलेली होती. पालिकेने आपल्या सफाई कामगारांसाठी स्वतंत्र चाळी बांधल्या. काम जातीने ठरलेले, म्हणून चाळही जातीची. स्पॅरोज पॉइंटच्या अक्षरी रस्त्यांच्या सर्वांत जवळ आपल्याकडे येते ते हे उदाहरण.

पोलादाचे म्हणाल तर, ते गाव आपल्याकडे वसता वसता राहिले. जमशेटजी टाटांचे लक्ष आधी चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावर होते. तिथला बेत सोडला गेला आणि अखेर साकचीला, आजच्या जमशेदपूरला, कारखाना झाला. तिथेही आखीव वस्तीत विलायती आणि अमेरिकी तंत्रज्ञांचे बंगले एका बाजूला होते आणि मजुरांच्या बस्त्या शहराच्या कडेला वाढत गेल्या. पोलाद कंपनी नकाशा काढते, म्हणून तिचा भेद नकाशावर वाचता येतो. कापडाच्या मुंबईने नकाशा काढलाच नाही.

जिथे भेद लिहिला जात नाही, तिथे त्याचा पुरावा साहित्यात शोधावा लागतो. आपल्या कामगारसाहित्याकडे या दृष्टीने पाहिले तर हाती काय लागते? नारायण सुर्वे यांच्या कवितेत चाळ आहे, पोयबावडी आहे, पाळीचा भोंगा आहे, आणि ‘कामगार’ हा एक मोठा, सर्वांना पोटात घेणारा शब्द आहे. त्या शब्दाची ऊब खोटी नाही. पण इथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. सुर्वे हे सापडलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना उचलून घरी नेले आणि आपले नाव दिले. ‘कुणापैकी?’ या प्रश्नाचे उत्तर जन्माने न मिळता एका कामगाराच्या घराने मिळालेला हा कवी आहे. सगळ्या कामगारांचे मिळून एक घर असू शकते यावर त्याचा विश्वास बसणे अगदी साहजिक होते. मात्र समीक्षेने त्या विश्वासाला गिरणगावाचे वर्णन मानले, आणि तिथे गफलत झाली.

मध्यमवर्गीय चाळीचे तर बोलायलाच नको. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ ची, म्हणजे बागूलांच्या संग्रहाच्या केवळ पाच वर्षे आधीची. त्रिलोकेकर, पावशे, गुप्ते, बर्वे ही नावे ऐकूनच वाचकाला ती माणसे दिसू लागतात. या चाळीत भांडणे पुष्कळ आहेत, पण जागा मिळताना कोणाची परीक्षा झालेली दिसत नाही, कारण ती परीक्षा पुस्तक सुरू होण्यापूर्वीच झालेली आहे. मी हा विनोदाचा दोष मानत नाही. तरी ‘चाळसंस्कृती’ हा शब्द आपण ज्या हळुवारपणे वापरतो, त्यात ही आधीच झालेली निवड मुरलेली आहे, एवढे तरी ओळखले पाहिजे.

दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये या चित्राची दुसरी बाजू येते. नागपाड्याजवळचा कावाखाना ही नातलगांनी नातलगांना सामावून घेत भरलेली महारांची वस्ती. एकाच जागेत आडोसे घालून अनेक संसार. तिथे येणाऱ्याला कोणी ‘कुणापैकी?’ विचारत नाही, सगळ्यांना ते माहीत असते. आणि त्या माहितीची किंमत म्हणजे ती वस्ती, तिचा शेजार, तिची गर्दी. ‘बलुतं’ आणि बागूलांची कथा शेजारी ठेवली की दलित कामगारापुढचे दोन पर्याय दिसतात. आपल्या नावाने कावाखान्यात राहा, नाहीतर नाव लपवून उधन्यात.

बागूलांनी तिसरी शक्यता याच कथेत उभी केली आहे, ती काशिनाथ सकपाळच्या रूपाने. काशिनाथही मुंबईचा, तोही त्याच रेल्वेत, पण आपली जात तो लपवत नाही, उलट छाती पुढे काढून वावरतो आणि भांडणे ओढवून घेतो. समीक्षकांना काशिनाथ आवडतो, निवेदक थोडा कमी आवडतो. मला या जोडीत खरे नाट्य दिसते ते असे, की खोली टिकवायची तर निवेदकाला काशिनाथची बाजू घेता येत नाही. संघटना, एकजूट हे शब्द त्याला पाठ आहेत, पण आपल्याच माणसाला सगळ्यांसमोर अपमान सोसावा लागत असताना त्याला गप्प राहावे लागते. वर्गाची एकी कामाच्या ठिकाणी होते असे आपण पुस्तकात वाचतो. बागूल दाखवतात की ती रात्री कोण कुठे झोपतो यावर मोडते.

आता कथेच्या उणिवेबद्दलही बोलले पाहिजे, कारण दलित साहित्यातील आद्य म्हणून मान दिलेल्या कृतींना आपण फुले वाहतो आणि वाचायचे सोडतो. निवेदकाची भाषा कित्येक ठिकाणी भाषणाची होते. त्याचे स्वातंत्र्यगौरवाचे उद्गार पहिल्यांदा ऐकताना उपरोध जाणवतो, पुढे मात्र लेखकालाही ते प्रिय आहेत की काय अशी शंका येते. याहून गंभीर बाब शेवटाची आहे. जात उघडी पडल्यावर निवेदकाला मारहाण होते, काशिनाथ धावून येऊन त्याला सोडवतो, आणि मार खाल्लेला निवेदक या माणसांना दोष न देता सारा दोष थेट मनूच्या पदरात टाकतो. वर्गात हा शेवट टाळ्या घेतो. मला तो कथेचा सर्वांत दुबळा क्षण वाटतो. मनू उधन्यात भाडे वसूल करत नव्हता. प्रश्न विचारणारा, उत्तर गृहीत धरणारा, पाहुणचार करणारा आणि हात उचलणारा, हे सगळे पगारदार कामगार होते, एकाच पाळीला जाणारे. कथेने इतक्या बारकाईने उभी केलेली ही माणसे शेवटच्या वाक्यांत हजारो वर्षांच्या धुक्यात विरघळून जातात. क्षमा मोठी होते, पण तपशील लहान होतो.

शीर्षकातले क्रियापदही असेच तपासण्यासारखे. ‘चोरली’ हा शब्द कोणाचा? निवेदकाने कोणाची वस्तू नेली? आपली जात न सांगणे ही चोरी ठरते ती ती जात आपल्याला कळलीच पाहिजे असा हक्क मानणाऱ्याच्या लेखी. बागूल हा शब्द उपरोधाने घेतात असे म्हणता येईल, आणि तसे म्हणणे मला पटतेही. पण कथेतला निवेदक मात्र खरोखर चोरासारखा वागतो, दचकतो, लपतो. घरमालकाचा शब्दकोश त्याच्या अंगात भिनला आहे. इथे बागूलांची पकड शेवटापेक्षा कितीतरी घट्ट आहे.

अमेरिकेत घराच्या खरेदीखतांत काळ्यांना विकू नये अशा अटी उघडपणे लिहिल्या जात. लिहिलेल्या होत्या, म्हणूनच १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला त्या अटींची अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत असे म्हणता आले आणि १९६८ मध्ये घरांविषयीचा कायदाही झाला. त्याने वस्त्या मिसळल्या असे मुळीच नाही, पण बोट ठेवायला कागद तरी होता. आपल्याकडे कागद येतो तो वेगळ्या वाटेने. गुजरातेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा आपला नियम सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि २००५ मध्ये तो मान्य करून घेतला. लिहिलेली अटदेखील इथे संघस्वातंत्र्याच्या नावाखाली टिकते, न लिहिलेला प्रश्न तर टिकणारच.

आमच्या भागाने घरांचा एक मोठा नकाशा डोळ्यांसमोर आखला जाताना पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी वसवायची ठरली. सगळे जमीनदोस्त झालेले, कोरी पाटी. घरांचे आकार ठरले ते आधीच्या जमीनधारणेवरून : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, त्यावरच्यांना ४००, सात हेक्टरांच्या पुढे ७५०. नियमात जात कुठेही नाही. पण भूमिहीन कोण, हे मराठवाड्यात कोणाला विचारावे लागते? त्या वसाहतींवर अजून एकही बागूल मराठीत लिहिता झालेला नाही, असे माझे वाचन सांगते.

‘चोरी’चा धागा मागे नेला तर तो पुन्हा गुजरातेतच पोचतो. सप्टेंबर १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले. नोकरी महाराजांची, ठरलेली. जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात गेले. आपण हिंदू आहोत हे त्यांनी रखवालदाराला सांगितले. तो म्हणाला, इथे फक्त पारशीच उतरू शकतात. मग दोघांत तडजोड झाली : दिवसाला दीड रुपया भाडे, आणि वहीत एक पारशी नाव. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. त्या दिवशी हिंदू आणि ख्रिस्ती असे दोन मित्र जागा देऊ शकले नाहीत, आणि आंबेडकर कामाठी बागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहत राहिले. हे त्यांनी पुढे इंग्रजीत लिहून ठेवले. ती पुस्तिका छापून आली १९९० मध्ये, बागूलांच्या संग्रहानंतर सत्तावीस वर्षांनी, पण हा प्रसंग मात्र चरित्रांतून लोकांना आधीपासून ठाऊक होता.

बागूलांच्या कथेतल्या रणछोडपेक्षा तो रखवालदार मला अधिक कुतूहलाचा वाटतो. समोरचा पारशी नाही हे त्याला माहीत होते. गिऱ्हाईक नसलेल्या विश्रामगृहात रोजचा दीड रुपया त्याला हवा होता आणि वही नियमाप्रमाणे भरलेली हवी होती. ती वही कुठे शिल्लक असेल तर तीत अदलजी सोराबजी नावाचा एक पाहुणा अकरा दिवस राहून गेल्याची नोंद असेल, भाडे चुकते.